शोरो ऐकून आल्यावर

दोहा, ९ मार्च २००३

इनायतभाई,

अस्सलाम आलेकुम. तुमचं पत्र मिळालं. भाभींचा गुडघा आता ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. मुलांच्या परीक्षा चालू आहेत. बाहेर धुळीचा वारा, खिडकी उघडायची सोय नाही.

परवा कमालना ऑफिसातून एका कार्यक्रमाचे पास मिळाले. वेस्ट बेच्या एका हॉटेलात ब्राझीलचे वादक आले होते. मला जायचं नव्हतं. कमाल म्हणाले, "यल्ला, चल. घरात बसून काय करणार?"

पडदा सरकला तर समोर मँडोलिन. वाजवणारी माझ्याच वयाची बाई. बाजूला गिटार आणि झांजा लावलेली डफली. या संगीताला शोरो म्हणतात, म्हणजे रडणं, असं तिनं इंग्रजीत सांगितलं आणि हसून वाजवायला लागली. भाई, रडणं इतकं चपळ असतं? सूर उड्या मारत खाली यायचे, आता घसरणार असं वाटायचं, तेवढ्यात गिटार त्यांना सावरून घ्यायची. मग एका संथ जागी तिनं एकच सूर थरथरवत धरून ठेवला. अब्बा त्यांच्या मँडोलिनवर असाच धरायचे, मगरिबच्या नमाजनंतर ओसरीवर बसून. मनगट सैल, खांदा हलायचा नाही. माझं मनगट मांडीवर आपोआप हलायला लागलं. ते कमालनी पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर ते मला तिच्याकडे घेऊन गेले. "माय वाइफ ऑल्सो प्लेड," म्हणाले, "बट शी लेफ्ट इट." तिनं मँडोलिन माझ्या हातात दिलं. मी तारा दाबल्या. बोटांत जोरच नव्हता, नुसती खरखर निघाली. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मला तिथंच मेल्यासारखं झालं.

गाडीत मी म्हटलं, "मी सोडलं? सुनेनं वाद्य वाजवायचं नाही, ही अट तुमच्याच घरच्यांनी घातली ना?"

"कुणी सांगितलं?"

"भाईंनी."

कमालनी गाडी कडेला घेतली. "आमच्याकडून कुणीच असं म्हटलं नव्हतं, रबिया. उलट अम्मीनं विचारलं होतं, मँडोलिन सोबत आणणार का. इनायतभाई म्हणाले, तिचं मनच उडालंय त्यावरून."

एवढी वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात रुसून संसार केला. सासूच्या मयतीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक काय म्हणतील याची भीती तुम्हाला होती, तर माझ्या तोंडावर सांगायचं होतंत. मी भांडले असते, हरलेही असते. पण कुणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं.

आता तुम्ही तुमच्या लेकीसाठी, हिबासाठी, इथलं स्थळ बघायला लिहिलंय. तिनं गाणं स्वतःहून सोडलं, असंही लिहिलंय. काल दुपारी मी तिच्या हॉस्टेलवर फोन केला. ती काय म्हणाली ते तिलाच विचारा, हिंमत असेल तर.

स्थळ मी बघणार नाही. सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवा. नाही पाठवलंत तर मी न्यायला येईन, आणि जे इथं लिहिलंय ते भाभींसमोर, तिच्यासमोर बोलेन.

नात्यानं तुमची बहीण,
रबिया