सगळ्यांसमोर

युगांडा, ९ मे २०२५

ती. शेवंतीआत्यास,
शर्मिष्ठाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

आपल्या मंडळीतून सेवेला आलेले आम्ही सहाही जण खुशाल आहोत. सकाळी मुलांचा सुट्टीतला वर्ग घेते, दुपारी चर्चच्या भिंती रंगवते. जेवायला रोज उकडलेली हिरवी केळी. तुझी सुकटीची चटणी स्वप्नात येते. गावात नेटवर्क नाही, म्हणून कागदावर लिहून शनिवारी बाजाराच्या गावाहून फोटो पाठवते. तूही सविस्तर लिही, नुसता अंगठा पाठवून सुटू नकोस.

काल एक मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि दारातच गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, कुणी शिक्षा केलीय. दंडाला धरून तिला उठवलं, कोणी बसवलं म्हणून ओरडले. ती रडायलाच लागली. मग इथल्या बाईंनी समजावलं, की मुली मोठ्यांना असाच मान देतात आणि मी तो नाकारला होता.

आत्या, मला आधी शिक्षाच सुचली, कारण मार्चमध्ये मीच माझ्या चौथीतल्या प्रांजलला वही विसरली म्हणून तासभर वर्गाच्या दारात गुडघ्यांवर बसवलं होतं. छडी बंद झाली, म्हणून आम्ही हे शोधलं. त्यानंतर ती फक्त परीक्षेला आली. आता तिची आई शाळेचा दाखला मागतेय. ती माणसं तुझ्याच भागात, नदीकाठच्या चाळीत राहतात. जाऊन माझी माफी पोचवशील? जूनमध्ये ती वर्गात हवी.

लोभ आहे तसाच ठेव, ओरडा कमी कर.
तुझी, शर्मिष्ठा

दहिसर, १२ मे

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद.

फोटो मोठा करकरून पत्र वाचलं. सुकट ठेवली आहे. पण तू सेवेला गेलीस की पश्चात्तापाला? मी तीस वर्षं पोरं शिकवली. गुडघ्यांवर बसून कुणी मेलं नाही. तूही दुसरीत असताना नाताळला बसली होतीस, नऊचा पाढा चुकलीस म्हणून. झालीस ना शिक्षिका? मुलं विसरतात. बाईंनी पोरीची माफी मागायची हे मला पटत नाही. शिवाय माझे गुडघे दुखतात आणि चाळीचा जिना उभा आहे. बघते.

जपून राहा, पाणी उकळून पी.
तुझी आत्या, शेवंती

युगांडा, १६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुलं विसरत नाहीत. त्या नाताळला तू मला बसवलंस तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, करंज्या तळणं चालू होतं आणि सिद्धेशदादा माझ्याकडे बोट दाखवून हसत होता. नऊचा पाढा मी वर्गात कधीच म्हणत नाही, मुलांकडून म्हणवून घेते. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. तरी मला सगळ्यात जवळची तूच, म्हणून तुलाच सांगते. प्रांजलकडे जा.

राग आणि माया दोन्ही सांभाळून घे.
तुझीच, शर्मिष्ठा

दहिसर, २४ मे

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद.

गेले होते. आईने चहा दिला, प्रांजल भिंतीला टेकून बघत राहिली. मी तुझी माफी वाचून दाखवली. ती म्हणाली, की शिक्षा वर्गात दिली होती, बेचाळीस मुलांसमोर. मग माफी घरात कशाला? बाई वर्गात बोलल्या तर ती येईल. आईने तिला गप्प केलं, मी आईला गप्प केलं. दाखल्याचा अर्ज थांबवलाय. शाळा उघडेल त्या दिवशी हजेरीच्या आधी बोल. पोरगी तिखट आहे, तुझी वाट लावेल. मला आवडली.

जिना उतरताना दोनदा बसावं लागलं. बसल्याबसल्या त्या नाताळची माणसं आठवत राहिले. एकोणीस होती. पाच प्रभूकडे गेली, चौदा आहेत. यंदाच्या नाताळला चौदाही जणांना बोलावते, सिद्धेशला धरून. करंज्या तळून झाल्या की बोलेन. मला गुडघ्यांवर बसता यायचं नाही. खुर्चीवरून बोललेलं तुला चालेल का, तेवढं कळव.

तुझी आत्या,
शेवंती