दुसरी किल्ली

४ मार्च, सोमवार
आलो एकदाचा! जमिनीखाली सात मजले. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. पण जागा झकास आहे. दोन पलंग, शेगडी, कोऱ्या करकरीत चादरी. जोडीदार अप्पा, बावीस वर्षं इथंच. मिशा कात्रीने टोकदार ठेवतात आणि बुद्धिबळात चाल बिनदिक्कत मागे घेतात. काम त्यांनीच समजावलं. भिंतीत दोन कुलपं, मध्ये बारा फूट अंतर. एक चिमुकली किल्ली त्यांच्या गळ्यात, एक माझ्या. हुकूम आला की दोघांनी एकदम फिरवायची, म्हणजे वरचं क्षेपणास्त्र अणुबॉम्ब घेऊन सुटतं. इथं काही घडत नाही हीच आपली कामगिरी, म्हणाले. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती पोट धरून हसली.

१२ मार्च, मंगळवार
आपलं क्षेपणास्त्र कुठे पडणार ते आज अप्पांनी सांगितलं. शत्रूचं नदीकाठचं शहर, नऊ लाख वस्ती. त्यात सैनिक किती? फार तर चार हजार, म्हणाले. हुकूम आला तर तुम्ही फिरवाल का, असं मी विचारलं. त्यांनी माझा घोडा मारला आणि चहा टाकायला उठले.

१९ मार्च
वर युद्ध पेटलंय. रजा बंद. ताईचा फोन लागतो, मध्येच तुटतो. धाकट्या पोरीला ताप आहे म्हणत होती.

२१ मार्च, दुपार
ताईचं शहर गेलं. एकाच बॉम्बमध्ये. फोनवर साहेबांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. जे वाचलेत त्यांची कातडी सोलून लोंबतेय म्हणे. ताई, भावोजी, दोन्ही पोरी—

चार वाजता
हुकूम आला. मी किल्ली घातली. अप्पा जागचे हलले नाहीत. बॉम्ब टाकणारे त्या शहरात राहत नाहीत, म्हणाले. तिथे तुझ्या ताईसारख्याच बाया राहतात. मी अंगावर धावून गेलो. त्यांनी गळ्यातली किल्ली हिसडून तोडली आणि गिळली. माझ्या डोळ्यांदेखत.

साडेपाच
पाना तीनदा घातला डोक्यात. तिसऱ्यांदा हाड फुटल्याचा आवाज— भाजीची सुरी बोथट होती. पोट लवकर फाटेना. मध्येच त्यांनी डोळे उघडले. बाळा, म्हणाले. मी थांबलो नाही.
किल्ली मिळाली. धुतली. हातांवरचं रक्त निघत नाही.

सव्वासहा
दोन्ही किल्ल्या कुलपांत. त्यांच्या किल्लीला पाना बांधलाय, पान्याला चादरीची दोरी. ओढली की फिरेल. फोन वाजतोय—

साहेब. ओरडत होते. युद्ध थांबलं, हुकूम रद्द, किल्ल्यांना हात लावू नका. अप्पांना फोन द्या, म्हणाले.
अप्पांना—
आता थांबलो तर यांना मी कशासाठी— नऊ लाख— आता तर हुकूमही नाही—
दोरी डाव्या हातात आहे. पेन खाली ठेवतो आणि उजव्या