कपाटामागचा भाडेकरू

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आठवतो? कविता म्हणताना मागच्या बाकावर कुणीतरी हमखास करायचं. परवा तोच आवाज कपाटामागून आला आणि मी क्षणभर पाचवीत जाऊन बसलो. निघाला उंदीर, अंगठ्याएवढा. एकटा जीव म्हणून बिस्किटाचा चुरा ठेवत गेलो. त्यानं टेलिफोनची वायर कुरतडून पांग फेडले! फोन लागेना म्हणून चिरंजीव हवालदिल. शेजाऱ्यांकडे निरोप आला, की महिनाअखेर येतो; घरात आणखी काही बिघडलेलं दिसलं तर कुलूप लावून तुम्हाला इकडे आणणार. ताई, माझ्या कविता लिहायच्या या खिडकीपासून मला उठायचं नाही गं. तू जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस. याला बाहेर कसं काढू? पिंजरा खोलीच्या मधोमध मांडलाय, ढुंकून बघत नाही.

लोभ आहेच, सोबत उपायही धाडावा.

तुझा धाकटा

८ मार्च

चि. कविराजास अ. उ. आ.

एकटा कसला डोंबलाचा! मादी तीन आठवड्यांत विते, पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः आईबाप होतात. तू बिस्किटं घालून बाळंतिणीची खोली चालवतोयस. उंदराची नजर अधू. मिशांनी भिंत चाचपत रोज एकाच वाटेनं जातो. मोकळ्या जागेला भितो. पिंजरा भिंतीला चिकटवून ठेव. कपाट सरकव. पेन्सिल जाईल एवढी फटसुद्धा बुजव. आणि चुरा बंद! नाहीतर लेकाचंच खरं ठरेल.

रागावले आहे, तरी माया तेवढीच.

ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिंजरा भिंतीशी ठेवला, त्यात मादी अडकली. कपाट सरकवलं, तर मागे घरटं. माझं पाचवीचं कवितेचं पुस्तक बारीक कातरून केलेलं, आत सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. आईविना ती दिवसभरही तगणार नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. मी पिंजरा उघडला. आता लेकाला सांगून घालव मला घराबाहेर.

एवढं लिहितोय तोच बेल वाजली. दारात सूनबाई, एकटीच! तू तिला फोन केलास म्हणे. उंदराच्या नावानं किंचाळणारी ही मुलगी घरटं बघून आली आणि पाय वर घेऊन खुर्चीवर बसली आहे. म्हणते, वायर जोडायला माणूस बोलावलाय, ह्यांची रजा पुढे ढकलायचं माझ्याकडे लागलं. आणि विचारते आहे, पिल्लं हिंडूफिरू लागली की कुठे सोडायची.

लवकर कळव.