डाव्या पायाला वीसपैकी दोन

ॲकरली, लँकेशायर
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप नेव्हिलकाकांना नॉरिसचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? मोरकमची समुद्रावरची हवा मानवते ना? कबुतरं अंड्यांवर बसली का? इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली आहे. आज दुपारी एक वाजता डेल टनिक्लिफ आमच्याकडे जेवायला येतोय. डेल म्हणजे आपल्या ॲकरली टाउनचा डाव्या बगलेचा बचावपटू, सहा फूट तीन इंच, आणि उन्हाळ्यापासून आमच्या लोर्नाचा होणारा नवरा.

तुम्हाला तो कॉम्प्युटरवरचा खेळ माहीत आहे, ज्यात माणूस घरबसल्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर होतो (आणि घर बायको सांभाळते). त्यात कुठला खेळाडू कुठल्या जागी खेळतो, त्याचा कुठला पाय किती चालतो, हे सगळं भरलेलं असतं, हात-पाय-डोक्याला वीसपैकी गुण देऊन. हे भरायला प्रत्येक गावात एखादा फुकट राबणारा भक्त असतो. ॲकरलीचा भक्त अकरा वर्षं मीच आहे. काम मी इमानाने केलं आणि त्यानेच क्लबाची वाट लागली. गोलकीपरच्या हातांना सतरा दिले, वर्षभरात त्याला मोठ्या क्लबाने उचललं. पिकल्सच्या डोक्याने चेंडू मारण्याला सोळा दिले, तो नाताळ सरताच गेला. (मोठ्या क्लबांची माणसंही गुपचूप हाच खेळ उघडून बघतात.) मग दोन वर्षांपूर्वी डेल आला. काका, काय त्या पोराचा डावा पाय! आईने ताटात बटाटा वाढावा तसा चेंडू नेमका आणून ठेवतो. ते पाहून मला आनंद झालाच नाही, भीतीच वाटली. हाही जाणार! म्हणून मी त्याच्या डाव्या पायाला वीसपैकी दोन दिले, आणि हात लागलाच आहे तर त्याची जागाही उजव्या बगलेला लिहून टाकली.

दोन वर्षं सुखात गेली. मग गेल्या आठवड्यात दक्षिणेकडच्या एका बड्या क्लबाचा माणूस डेलला पाहायला येणार होता, तो आलाच नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या मुलाला डावा पायच नाही. बुधवारी डेलने भर पबात ग्लास आपटून सांगितलं, "दोन देणारा तो आंधळा सापडू दे फक्त, माझा डावा पाय कुठला ते त्याच्या बुडाला कळेल!" सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. खेळाच्या शेवटी बारीक अक्षरांत भरणाऱ्याचं नाव येतं, एन. एन्टविसल.

"बाबा, तुम्ही सकाळपासून तिसऱ्यांदा दाढी करताय," असं लोर्ना आत्ताच म्हणून गेली. मी एका पोराच्या पोटावर पाय दिला आणि तेच पोर माझा जावई होणार, हे मला आतून खातं आहे. म्हणून काल दुपारी डाव्या पायाला खरेखुरे सतरा भरले, जागा दुरुस्त केली आणि नवी यादी पाठवून दिली. आता ती परत घेता येत नाही.

तुमचा भित्रा पुतण्या,
नॉरिस

ता.क. ॲकरलीत एन. एन्टविसल आजवर दोनच झाले, एक मी आणि एक तुम्ही. तुमचं वय शहाऐंशी. शहाऐंशीच्या माणसाला कुणी लाथ मारत नाही. तेव्हा "ते दोन मीच दिले, मोतीबिंदू होता" एवढं सहीनिशी लिहून पाठवा. मोतीबिंदू तुम्हाला होताच.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवलं नव्हतं हे बरं झालं. डेल आत्ताच जेवून गेला, चार यॉर्कशायर पुडिंगं खाऊन. लोर्ना भांडी घासायला गेली तसा तो मला बागेत घेऊन गेला. मी बूड शेडच्या भिंतीला टेकवून उभा राहिलो. तर म्हणतो कसा, "सासरेबुवा, दोन तुम्हीच दिलेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पबातलं ते नाटक होतं, कुणाला संशय नको म्हणून. मागणी आली की क्लब मला विकणारच. आणि लोर्ना तुम्हाला सोडून दक्षिणेला यायची नाही. त्या दोनांच्या जिवावर आमचं लग्न उभं आहे, तेवढे हलवू नका." मी "छे छे, हलवतोय कशाला!" म्हणालो. तो गेल्यावर आधी फोनची वायर काढून ठेवली, सतराची यादी तर कालच गेली.

ता.क. तिसरा. सही लागेलच, काका. फक्त "दोन" खोडून "सतरा" करा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून घाला.