चूल विझल्यावरचा लाल चेहरा

कापूस दाबून धरा, असं मी तपासणीला आलेल्या एका बाईंना सांगत होते, आई, आणि त्यांचा चेहरा कपाळापासून गळ्यापर्यंत लाल होत गेला. सुईला घाबरली असेल, असं त्यांची मुलगी म्हणाली. तो लाल रंग मी ओळखते. लालबागच्या खोलीत तू गिरणी कामगारांची खाणावळ चालवायचीस. तू भाकऱ्या थापते आहेस, चेहरा पेटलेला, आणि पंगतीतून कोणीतरी विचारतंय, "वैनी, तोंड कित्याक लाल? दादा काय बोललो काय?" तू मान वर न करता म्हणतेस, "चुलीसमोर बसान बघ, मगे कळात." सगळे हसतात. मग संप झाला. माणसं गावी गेली, खाणावळ बंद पडली, चूल दिवसातून एकदाच पेटायची. तुझा चेहरा मात्र तसाच लाल व्हायचा, भर दुपारी, थंड चुलीपाशी. पोटात कळ आली की तू चाळीच्या संडासाकडे धावायचीस. डॉक्टरांनी फोटो काढले, त्यांत काही आलं नाही. "संपाचं टेन्शन घेतलंय बाईंनी," ते बाबांना म्हणाले. तो लाल रंग आणि ती कळ आतड्यातल्या गाठीची होती; ती दिसली तेव्हा यकृत गाठींनी भरून गेलं होतं, आणि तू गेलीस.

मी आता जवळच, परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात, अशा गाठी शोधण्याचं काम करते. गाठीच्या पेशींना जाऊन चिकटणारा एक रेणू असतो. त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचा. आधीचे रेणू लवकर सुटायचे. फोटो धूसर यायचा आणि लहान गाठ त्यात हरवून जायची. नवा रेणू घट्ट धरून राहतो. बाकीच्या शरीरातून तो निघून जातो आणि गाठ तेवढी उजळते. त्या बाई शीव कोळीवाड्याच्या, मासळी विकतात. आधीच्या तपासण्यांत काही सापडलं नव्हतं, घरचे कंटाळले होते. त्या दिवशी आतड्यात मुगाएवढा ठिपका दिसला. यकृत स्वच्छ. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा बाई मुलीकडे वळल्या. "बघ गो. मी काय सोंग करत नव्हते." मुलगी रडायला लागली. "आता रडतेस कशाला? काढतील ते. डोळे पूस आधी."

मला त्या मुलीचा हेवा वाटला, आई. तिची आई शेजारी बसून तिला ओरडत होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्यापर्यंतही पोचायचं नाही, म्हणून लिहिता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंना शस्त्रक्रियेच्या वॉर्डात घेतलं. मुलीने मला आईच्या वॉर्डाकडे जाणारा जिना कुठे आहे ते विचारलं. मी दाखवला.