निळ्या बुटांचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

निर्णय झाला. यापुढे माझ्या परवानगीशिवाय या घरात एकही जाहिरात येणार नाही.

निमित्त: निळे बूट. बायकांचे, चालायला जायचे, पांढऱ्या नाडीचे. बातम्या उघडल्या की उजवीकडे उभे. हवामान बघायला गेलो की खाली उभे. काल शब्दकोडं सोडवत होतो, तर आडव्या आणि उभ्या शब्दांच्या मधोमध उभे. बूट रिकामे आहेत. हे लक्षात आल्यापासून जरा जास्त त्रास होतो. आत पाय नाहीत, तरी मागे मागे येतात.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

इथलं कारण उघड आहे. ही सध्या तिच्या बहिणीकडे आहे. हवापालट. चार महिने होत आले. इंटरनेटवरचं आमचं दोघांचं खातं एकच (मीच काढलं, पासवर्डही मीच ठेवतो). तेव्हा तिने तिकडे टॅबवर काही बघितलं की त्याची जाहिरात इकडे माझ्या मानगुटीवर बसते. बूट बघायला वेळ आहे, फोन करायला नाही. मीही केलेला नाही. जो गेला त्याने फोन करायचा, असा साधा नियम आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर वाचन. प्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम मिळाला. फुकट. कल्पना सुंदर आहे. हा मधला माणूस. आपण पान मागायचं ते त्याच्याकडे, तो बाहेर जाऊन आणतो, जाहिराती उंबऱ्याबाहेर झटकतो आणि स्वच्छ पान हातात देतो. आपण कोण, कुठून आलो, कालपर्यंत काय बघितलं, याचा बाहेर कोणाला पत्ता लागू देत नाही.

माणसाची प्रायव्हसी म्हणजे काही चेष्टा नाही. कोण काय बघतं हे दुसऱ्याने बघणं मला मुळातच पटत नाही.

उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेट पूर्ण बंद. जाहिराती दिसत नाहीत, हे मान्य करावं लागेल.

संध्याकाळी कळलं. ब्राउझरला मधल्या माणसाचा पत्ता दिला होता, पण मधल्या माणसाला उठवायचं राहिलं होतं. मार्गदर्शिकेत हे ठळक अक्षरात आहे. इतकं ठळक लिहिलं की माणूस शीर्षक समजून पुढे जातो. दोष लिहिणाऱ्याचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्वतःचे नियम लिहायला घेतले. तयार नियमांवर विसंबणं आपल्या स्वभावात नाही. पहिला नियम: ज्या पत्त्यात 'ad' ही दोन अक्षरं असतील तो रोखावा. एका ओळीत सगळा खेळ खलास.

दुपारनंतर रेडिओ लागेना. डाउनलोड होईना (दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगात ad आहे, हे नंतर दिसलं). वाचनालयाचं आणि बँकेचं पान उघडेना. बँकेत फोन करून तिथल्या मुलीला झापलं. तिने शांतपणे विचारलं की तुमच्याकडे काही बदल केलाय का. मी नाही म्हणालो. बदल नव्हे, सुधारणा केली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

विजय. नियम चित्रांच्या आकारावर बसवला. जाहिरातीच्या मापाचं चित्र आलं की प्रॉक्सी त्याच्या जागी राखाडी चौकटींचं ठिगळ लावतो. बातम्या उघडल्या: बूट नाहीत. उजवीकडे राखाडी चौकटी. हवामान: चौकटी. सगळीकडे शांत.

थोडं जास्तच शांत वाटलं. चहा पिताना उगाच मागे बघितलं.

लेकीचा फोन आला. तिने मावशीकडे काढलेल्या फोटोंची लिंक पाठवली होती, बघितले का विचारत होती. उघडून ठेवलेच होते. सगळ्या चौकटी. खाली 'घराबाहेर' लिहिलेली राखाडी चौकट, 'टेबलाशी' लिहिलेली राखाडी चौकट, त्यातली एक बहुधा ही. लेकीला आपला नियम चुकला हे सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "छान आलेत. आई नेहमीसारखीच दिसतेय."

लेकीने नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना कौतुकही झेपत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

प्रॉक्सी कोणकोणती पानं आणतो त्याच्या ओळी एका काळ्या खिडकीत सरकत असतात. आज ती खिडकी उघडी ठेवून खुर्चीत नुसता बसलो होतो. हात मांडीवर. कीबोर्डला स्पर्शसुद्धा नाही. आणि ओळ सरकली. मग थोड्या वेळाने आणखी एक.

घरात दुसरं कोणी नाही. कोणीतरी काहीतरी मागत होतं आणि माझा मधला माणूस निमूटपणे ते आणून देत होता.

उठून सगळ्या खोल्या बघून आलो. तिच्या शिवणयंत्रावर धूळ आहे. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग टीव्हीलाही एक लावली. टीव्हीला कॅमेरा नाही, पण लावली.

ती तिकडून आमचं खातं वापरत असणार. तेच इकडे दिसतं. म्हणजे या वेळी ती टॅब घेऊन बसते. दुपारची झोप होत नाही वाटतं तिची.

परत येऊन खिडकीसमोर बसलो. पुढची ओळ येईपर्यंत थांबलो. आली. बरं वाटलं, असं नाही. पण आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तांत्रिक कारणासाठी नियमात एक अपवाद घातला. बुटांच्या दुकानाला आत सोडायचं. बाकी सगळ्यांना बंदी. बंदोबस्त किती नेमका आहे हे तपासायला एक तरी नमुना आत यावाच लागतो. क्वालिटी कंट्रोलमध्ये हेच करतात.

बूट आले. एकटेच. आता पानावर बाकी काही हलत नाही, त्यामुळे नीट बघता येतात. बोटांकडे रुंद आहेत. तिला तसेच लागतात. टिचकी मारून मागची बाजूही बघून घेतली. रोज एकदा मारतो, चाचणी म्हणून.

तिची जुनी बॅग आठवली. तिची चेन अर्ध्यात अडकते. हल्ली बॅगा केवढ्याला मिळतात ते सहज बघितलं. बहिणीच्या गावाहून इकडे गाड्या कधी असतात तेही बघून ठेवलं. माहिती असलेली बरी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहितो.

आज बुटांशेजारी बॅगेची जाहिरात आली. चाकांची बॅग, मध्यम आकार. आणि तिच्याखाली गाडीच्या तिकिटांची: बहिणीच्या गावाहून आमच्या गावी, रविवारी निघा, सवलत मिळवा.

नियम तपासले. बुटांचं दुकानच बॅगा आणि तिकिटंही विकतं, म्हणून ती आत आली. यंत्रात बिघाड नाही. निष्कर्ष एकच निघतो. ती बॅग बघतेय. तिकीट बघतेय.

ती येतेय. तोंडाने सांगणार नाही. तिचा स्वभावच तसा, मनातलं कधी बोलत नाही. बरं झालं मी बघत होतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

समोरचा दंतवैद्य जिन्यात भेटला. काकू कधी येणार, असं त्याने विचारलं. चार महिने हा प्रश्न मी चुकवत होतो. आज छाती पुढे काढून सांगितलं की रविवारी. तो म्हणाला, अरे वा, फोन आला का. मी म्हटलं, तसंच समजा.

घर आवरायला काढलं. शिवणयंत्र पुसलं. नवीन पडदे. दोन कप नवे.

ती का गेली हे लोक उगाच वाकड्यात घेतात, म्हणून इथे एकदाच स्पष्ट लिहून ठेवतो. लेक आणि जावई जेवायला आले होते. मी तिच्या टॅबची हिस्टरी अधूनमधून तपासत असे, केवळ सुरक्षेसाठी. त्यात तिने शोधलेलं एक वाक्य सापडलं: घरात कोणी बोलत नसेल तर काय करावे. ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. जावई हसला. मीही हसलो. ती भात वाढत होती, तशीच वाढत राहिली. दोन दिवसांनी गेली. विनोद समजायला माणसाची मनःस्थिती लागते.

असो. रविवारी येतेच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीला गेलो. दाढी करून. उतरणारी सगळी माणसं उतरली. चाकांच्या बॅगा पुष्कळ होत्या.

दुपारच्या गाडीलाही थांबलो. मग संध्याकाळच्या. चौकशीच्या खिडकीतला माणूस मला आता ओळखायला लागला होता. कोणाला घ्यायला आलात, म्हणाला. मी म्हणालो, सहज आलोय.

गर्दीत निळे बूट दिसले. खरोखरचे, पायांसकट. मागोमाग बराच लांब गेलो. बाई थांबल्या आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. चेहरा अनोळखी. माफी मागून परतलो.

तिकीट मिळालं नसेल. सवलतीच्या दिवशी गर्दी असते.

घरी आलो. नवे कप धुऊन परत ठेवले. काळी खिडकी चालूच होती. कोणीतरी अजून मागतच होतं. आज पहिल्यांदा भीती वाटली. खरं सांगायचं तर आधीही वाटत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लेकीला फोन केला. आई निघाली का, इतकंच विचारायचं होतं. ती म्हणाली, कुठे? मी जाहिरातींचं सांगितलं. बूट, बॅग, तिकीट, दुपारच्या ओळी, सगळं क्रमवार. माझं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, आई त्या खात्यातून पहिल्याच दिवशी बाहेर पडली. मीच तिला काढून दिलं. टॅबही तिने वापरला नाही, मावशीच्या मुलीला देऊन टाकला."

मी विचारलं, मग बूट कोण बघतंय?

"तुम्ही," ती म्हणाली.

मी म्हटलं, शक्य नाही. तिने फोनवरूनच सांगत सांगत मला दुकानाचं पान उघडायला लावलं, मग त्यातली कार्ट. निळे बूट तिथे होते. ही गेली त्याच संध्याकाळी टाकलेले. खाली लाल अक्षरात: साइझ निवडा.

आठवलं. जुन्या चपला घालून गेली होती. म्हटलं, चांगले बूट पाठवावेत. पण नंबर तिला विचारावा लागला असता, आणि फोन तिने करायचा होता.

काळ्या खिडकीतल्या ओळींचंही लेकीने सांगितलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी मावशीच्या गावाचं हवामान लावून ठेवलंय, ते आपलं आपण ताजं होत राहतं. बॅग आणि तिकीट शोधलं म्हणून त्यांच्या जाहिराती आल्या. प्रोग्रॅमला दोष देण्यासारखं काही सापडेना. बराच वेळ शोधला.

शेवटी लेक म्हणाली, तुम्ही ते फोटो बघितलेच नव्हते ना? आईने केस कापलेत. अगदी बारीक. कोणालाही पहिल्यांदा तेच दिसतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

मुद्दे काढून बसलो होतो. पहिला मुद्दा प्रॉक्सी. आता घरात अशी व्यवस्था केली आहे की कोण काय बघतं ते बाहेरच्या कोणालाही कळणार नाही, असं मी तिला समजावून सांगितलं. पत्ता लपतो, माग राहत नाही, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"बाहेरच्यांचं मला कधीच काही नव्हतं," ती म्हणाली.

यावर दुसरा मुद्दा लागू पडत नव्हता. जेवलीस का, म्हणून विचारलं. अजून वेळ आहे म्हणाली. केस कापलेस म्हणे, म्हणालो. फोटो बघितलात का, तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की माझ्याकडे तिच्या जागी राखाडी चौकटी येतात. त्यावर ती हसली. तिचं हसणं मी विसरलो नव्हतो, पण इतकं जवळून ऐकून फोन कानाशी जरा घट्ट धरला.

मग विचारलं, परत कधी येणार?

ती म्हणाली, "इथे माझ्या खोलीला आतून कडी आहे. दुपारी लावून घेते. आत काही करत नाही हो, नुसती बसते. इतकं बरं वाटतं."

बहिणीने तिला हाक मारली, तिने ठेवते म्हणून ठेवला. पुन्हा करा किंवा करू नका, असं काही म्हणाली नाही.

घरभर फिरलो. आपल्याकडे आतून कडी फक्त बाथरूमला आहे. आमच्या खोलीची होती, ती दार नीट लागेना म्हणून मीच काढली होती. भोकं अजून आहेत. सुताराला उद्या बोलवता येईल.

पण कोणत्या खोलीला हवी, हे तिला विचारायला हवं होतं. ते फोन ठेवल्यावर सुचलं.