भिंतीत फोम भरल्यापासून

१४ ऑक्टो. ९८, माबेला
आज भिंतीत फोम भरला. बाहेरून ड्रिलने भोकं पाडायची, दोन भिंतींमधल्या पोकळीत नळीने फोम सोडायचा, वर सिमेंट. सुपरवायझर विश्वासच. मीनू दिवसभर बाबाच्या मागे. घर अर्बाबचं, म्हणजे विश्वासच्या अरब मालकाचं, कंपनीही त्यांचीच. आमच्यावर ट्रायल, मग सगळी स्टाफची घरं. एसी कमी लागेल म्हणे.

२ नोव्हें.
घर खरंच गार राहतंय. वि. खूश.

२० डिसें.
दोन दिवस पाऊस. पश्चिमेच्या भिंतीला सपासप.

२७ डिसें.
मीनूचं कपाट ओढलं. मागे भिंत ओली, काळी बुरशी. युनिफॉर्मला कुबट वास.
वि. बराच वेळ भिंतीला हात लावून उभा. बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत. आधी पाणी पोकळीतून खाली उतरून जायचं. आता फोममधून आत येतं. "भेगा आधी बुजवायला हव्या होत्या. मी बोललो होतो," म्हणाला. कोणाला, ते नाही.

९ जाने. ९९
कंपनीचा इंजिनीअर आला. "मॅडम, आप कपडे घर में सुखाती हो?"
गच्चीवर एवढं ऊन असताना!

२१ जाने.
मीनूला धाप. हॉस्पिटल, वाफ. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? मी वि.कडे पाहिलं. तो मीनूला बूट घालत बसला.

४ फेब्रु.
अर्बाब स्वतः आले. मीनूला खजूर, डोक्यावर हात. माणूस वाईट नाही. भिंत पाहिली. "पेंट, खलास." वि. मान हलवत राहिला. व्हिसा त्यांच्याच हातात.

२५ फेब्रु.
रंगाला फोड आलेत. मीनू आमच्या खोलीत झोपते. खोकला तसाच.

३ मार्च
फोमसाठी पुढचं घर शेजारच्या सकीनाभाभीचं. बाळ अजून चाळीस दिवसांचंही नाही. वि.ला न विचारता जाऊन ओलीचं सांगून आले.
भाभी म्हणाली, "अगो, भरणार तर तुझाच घोव ना? मग तो का नाय सांगत?"

घरी येऊन वि.ला तेच विचारलं. "नोकरी गेली तर मीनूला घेऊन कुठे जायचं, सांग." ताटावरून उठला.

६ मार्च
सकाळीच फोमची गाडी भाभीच्या दारात. वि. भिंतीशी. भेगांवरून बोट फिरवतोय. ड्रिलवाला विचारतो, "साब, यल्ला? शुरू करें?" वि. ऐकत नाही. भाभी बाळाला घेऊन दारात उभी. इंजिनीअरची गाडी वळणावर दिसतेय. वि.ने हात वर केला, थांबा म्हणून की सुरू करा म्हणून, इथून खिडकीतून कळत नाही.